बूस्ट म्हणजे लोड नव्हे

टर्बो इंजिनाचं पहिलंच ट्यूनिंग करतोयस, तर हे पक्कं डोक्यात ठेव. लोड म्हणजे एका स्ट्रोकला सिलिंडरमध्ये खरोखर किती हवा भरली ते. बूस्ट म्हणजे फक्त मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. 1 बार बूस्ट 3000 आरपीएमलाही दिसेल, 6000 लाही दिसेल, पण वर हवा आत शिरायला वेळ कमी पडतो, ती तापतेही. म्हणून दाब तोच असून लोड उतरतो. एकूण हवा मात्र आरपीएमबरोबर वाढते, तेव्हा इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरकडे लक्ष असू दे.

खरा धोका कमी आरपीएमला आहे. कसारा घाट चढताना पाचव्या गिअरमध्ये, 2000 आरपीएमला पेडल दाबून धरलं की टर्बो भरतो, लोड चढतो आणि पिस्टन सावकाश हलत असल्याने नॉकिंगला, म्हणजे इंधन-हवेचं मिश्रण आपोआप भडकायला, भरपूर वेळ मिळतो. मी तिथे काच खाली करून ती बारीक खडखड ऐकली आहे. त्याच रात्री टेबलमधल्या त्या लोडच्या रकान्यात टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, 3 अंशांनी मागे घेतलं.

आणि नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर आहे, बाहेरचा दाब इथे मुंबईपेक्षा कमी. गेजवर तोच आकडा दिसला तरी हवा कमीच भरते. त्यामुळे टेबल नेहमी अॅब्सोल्यूट दाबावर, म्हणजे बाहेरचा दाब धरून येणाऱ्या एकूण दाबावर, लाव.