वायरमनच्या मागे लागू नकोस

प्रिय मुली,

बांधावर पडलेल्या विजेच्या तारेने ज्या बाईचा नवरा गेला, तिच्या भरपाईच्या दाव्याचा तुझा मसुदा वाचला. चार पानं नुसती वायरमनवर. त्याने लाइनची फेरी मारली का, झोळ पडलेली तार ताणली का नाही. आणि खाली मला प्रश्न, "सर, त्याची चूक सिद्धच झाली नाही तर?"

नाही झाली तर नाही! बांधावर पडलेल्या तारेत वीज कोणाची होती, ते आधी सांग. वीज ज्याची, भरपाई त्याची.

मध्य प्रदेश वीज मंडळाचा 2002 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुळातून वाच. कामावरून सायकलने घरी निघालेला माणूस, रस्त्यावर पावसाचं पाणी, त्यात पडलेली जिवंत तार. मंडळ म्हणालं, कोणीतरी आकडा टाकून वीज चोरत होतं, आमचा काय दोष? कोर्टाने ऐकलं नाही. इतकी धोक्याची वस्तू लोकांच्या वस्तीतून नेता, तर काळजी घेतली होती म्हणून सुटका नाही. दिल्लीतल्या कारखान्यातल्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात तर 1986 मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भगवतींनी धोकादायक उद्योगांना एकही पळवाट ठेवली नव्हती.

वायरमनला तुरुंगात पाठवायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे त्याचा निष्काळजीपणा पुराव्यानिशी दाखवलाच पाहिजे. पण चूक शोधायला निघालं की बोट नेहमी सगळ्यात खालच्या माणसाकडे जातं, आणि वीज कंपनीला तेच हवं असतं. तू तिचं काम फुकटात का करतेस?

मी हट्टाने दावे लांबवतो, असं बार रूममध्ये बोलतात. मुलगा तारेने गेलेल्या एका म्हातारीला कंपनीने तडजोडीची रक्कम देऊ केली होती. अट एवढीच, की मुलाने स्वतःच्या चुकीने तारेला हात लावला असं लिहून द्यायचं. मी नको म्हटलं. अपिलाचा निकाल तिच्या बाजूने लागला, तेव्हा ती हयात नव्हती. ते पैसे तिच्या औषधपाण्याला आले असते. हे मला आजही सलतं. तरी पुन्हा तोच सल्ला देईन. मेलेल्या मुलाच्या माथी खोटा दोष मारून घेतलेला पैसा तिलाही नको होता. तसं ती मला म्हणाली होती.

तेव्हा पहिला परिच्छेद असा लिही: तार कोणाची, प्रवाह कोणाचा, मृत्यू कशाने. वीज ज्याची, भरपाई त्याची. निष्काळजीपणा पर्यायी मुद्दा म्हणून पाच ओळींत शेवटी राहू दे. विद्युत निरीक्षकाचा अहवाल, पंचनामा आणि शवविच्छेदनाच्या प्रमाणित नकला सोमवारपर्यंत काढ. तुझ्या पक्षकार बाईच्या दोन्ही मुलांचे जन्मदाखलेही लागतील.

तुझा,
सर