व्ही-क्रॉस मागून उचलताना: पाटे, ब्लॉक आणि माझ्या चुका

तुमचा प्रश्न असा: व्ही-क्रॉस, म्हणजे इसुझूची पिकअप, मागून दोन इंच उचलायची आहे; पाटेवाला म्हणतो दोन पाटे (मागच्या स्प्रिंगच्या स्टीलच्या पट्ट्या) जादा टाकू, दुसरा म्हणतो ब्लॉक (ठोकळे) टाका, स्वस्तात होईल. मी या दोन्ही वाटांनी जाऊन परत आलोय. आधी एवढंच सांगा, हौद्यात रोज किती वजन असतं?

माझा हौदा बहुतेक वेळा रिकामाच. तरी मी दोन पाटे वाढवले. उंची झकास आली, पण पाटे माल वाहायला घातलेले आणि माल नाही, म्हणजे गाडी दगडासारखी कडक. खडीच्या रस्त्यावर वळणात मागची बाजू उड्या मारत बाहेर निसटायची. भोरकडे एका ओढ्याच्या काठावर तिरकी चढवली तर मागचं एक चाक वीतभर हवेत. माझ्या गाडीला मागे डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) नाही. हवेतलं चाक गरगर फिरतंय, जमिनीवरचं ढिम्म. मूळ पाट्यांवर हीच जागा मी आरामात चढलो होतो. रोज पाच-सहाशे किलो खत वाहणाऱ्याला मात्र तोच पाटेवाला योग्य सल्ला देतोय.

मग ते पाटे काढून हाऊसिंग (मागची दोन चाकं जोडणारी जाड आडवी नळी) आणि पाट्यांच्या मध्ये ब्लॉक टाकले. मऊपणा परत आला, पण ब्लॉकमुळे पाटा हाऊसिंगपासून लांब जातो आणि पिळायला जादा तरफ मिळते. चढावर फर्स्टमध्ये जोर दिला की पाटा इंग्रजी एस-सारखा वळायचा, सुटायचा, पुन्हा वळायचा. खालून धडधड. त्यात मी यू-बोल्ट (पाटे हाऊसिंगला आवळून धरणारे) एकदा आवळले आणि विसरलो. दीडेक महिन्यांनी डावा टायर मडफ्लॅपला घासायला लागला. खाली वाकून बघितलं तर पाटे एकत्र धरून जागेवर ठेवणारा सेंटर बोल्ट तुटलेला, हाऊसिंग एका बाजूने बोटभर मागे सरकलेलं. घाट उतरून नुकताच घरी आलो होतो, त्या रात्री जेवण गेलं नाही. एकदा सोडले की यू-बोल्ट नवेच घ्या, जुने ताणलेले असतात. पाचशे किलोमीटरवर टॉर्कच्या पान्याने पुन्हा आवळा. ब्लॉकवर ब्लॉक रचून देणारा कुणी भेटला तर गाडी तिथून काढा.

शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक चॅसीला जोडणारी झुलती पट्टी; ती लांब करण्याचा हिशोब लोक चुकवतात. शॅकल एक इंच लांब केला तर गाडी साधारण अर्धा इंचच उचलते. दोन इंचांसाठी चार इंचांनी जादा लांब शॅकल लावलात तर वळणात मागची बाजू डुलेल.

आता माझ्याकडे थोडा जास्त बाक (कमान) असलेला पाट्यांचा पूर्ण नवा सेट आहे, रिकाम्या गाडीच्या वजनाला धरून बनवलेला, आणि त्याच्या मापाचे लांब शॉकअप. महाग पडलं, पण पहिल्या दोन उद्योगांचे पैसे धरले तर आधीच हे केलेलं परवडलं असतं. शॉकअप घेताना चाक पूर्ण खाली लोंबकळत असतानाचं आणि पूर्ण दाबलेलं, दोन्ही मापं घ्या. दाबल्यावर बंप स्टॉप (हाऊसिंग वर आदळू नये म्हणून बसवलेला रबरी ठोकळा) आधी टेकला पाहिजे, शॉकअप नाही. मूळ शॉकअपवर मी नुसती उंची वाढवली होती तेव्हा ते तळाशी ताणून दोन महिन्यांत गळायला लागले.

पाट्यांच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी दोनदा दाबून मग आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. माझ्या मेकॅनिकला हे पटवायला दोन चहा लागले.

उंची वाढली की प्रॉपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो. ताशी ऐंशीच्या आसपास सीटखाली गुणगुण आली तर शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस बदलत बसू नका, आधी शाफ्ट मध्ये धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट वायसर टाकून थोडा खाली घेऊन बघा. माझी गुणगुण तेवढ्यानेच गेली. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर चाक लोंबकळत असताना ताणत नाही ना, हेही बघा. ज्या पिकअपना मागच्या हाऊसिंगला दांडीने जोडलेला, वजनानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, त्यांत उंची वाढली की व्हॉल्व्हला हौदा रिकामा वाटतो आणि मागचा ब्रेक कमी लागतो. दांडी नव्याने सेट करून घ्या. आणि आरटीओ, विमा यांचं आधी विचारून ठेवा.

आज एवढंच करा: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप, रिकामी आणि नेहमीच्या वजनासह, दोन्ही बाजूंचं घ्या. मग किती बाक लागेल ते सांगतो.