तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका

तुमची घालमेल कळते. वर्षानुवर्षं पोट फुगणं, थकवा, गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, आणि प्रत्येक रिपोर्ट ‘नॉर्मल’. मीही यातून गेलेय, म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगते: सिलिॲकची, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते त्या आजाराची, तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू, बार्ली, राय बंद करू नका. मी आधीच बंद केलं होतं. बरं वाटायला लागलं, पण रक्तात काहीच सापडेना. कारण ही तपासणी ग्लूटेनमुळे शरीरात तयार होणाऱ्या अँटीबॉडी शोधते. ग्लूटेन थांबलं की त्या हळूहळू उतरतात. मग निदानासाठी पुन्हा कित्येक आठवडे गहू खावा लागला. ते दिवस फार वाईट होते. तुम्हीही आधीच बंद केलं असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

पहिली रक्ततपासणी सहसा टीटीजी-आयजीए, याच अँटीबॉडी शोधणारी. सोबत एकूण आयजीए (अँटीबॉडीचा एक प्रकार) मोजलंय का, हे नक्की विचारा. काहींच्या शरीरात आयजीएच कमी असतं, आणि मग आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मोठ्यांमध्ये पुढे बहुधा एंडोस्कोपी करून लहान आतड्याचे तुकडे तपासतात. आतड्याची इजा सलग नसते, ठिकठिकाणी असते, म्हणून एकापेक्षा जास्त तुकडे घ्यावे लागतात. एंडोस्कोपीची भीती मलाही होती. प्रत्यक्षात ती थोडक्या वेळात आटोपली.

जनुकीय चाचणी पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, ती जनुकं असलेल्या बहुतेकांना हा आजार होतच नाही. निगेटिव्ह आली, तर मात्र सिलिॲकची शक्यता जवळपास संपते.

आणि सिलिॲक नाही निघालं, तरी तुमचा त्रास खराच आहे. डॉक्टरांकडे पुढच्या तपासणीचा आग्रह धरा.