अडगळीचा निकाल आधी, खोकी मग

घर बदलण्याच्या तयारीत असलेल्या वाचकांचे हे प्रश्न. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : घर बदलायला दोन महिने आहेत. आवरायला बसलं की जुने फोटो हाती लागतात आणि दिवस तिथेच संपतो. सुरुवात कुठून करावी?

जिथे हात क्वचित जातो तिथून. माळा, पलंगाखालचे कप्पे, गॅलरीतलं कपाट. तिथल्या वस्तूंवाचून तुमचं वर्षभर अडलेलं नाही, त्यामुळे निकाल पटापट लागतो आणि हाताला सवय होते. मग कपडे आणि अंथरुणं, मग पुस्तकं, कागदपत्रं, स्वयंपाकघर. फोटो आणि पत्रं अगदी शेवटी. वेळ उरलाच नाही तर न चाळता एका खोक्यात भरून सरळ नव्या घरी न्या. त्यांना जागा थोडी लागते आणि त्यांची निवड घाईत करू नये. बाकी कशालाच ही सवलत देऊ नका. ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून भरलेलं खोकं तिकडे गेल्यावरही बंदच राहतं.

एका बैठकीत एकच कप्पा घ्या आणि तो पूर्ण रिकामा करून सगळं जमिनीवर मांडा. कप्प्यात डोकावून ‘यातलं काय काढू?’ असं विचारलं तर दोन-चार वस्तू निघतात. बाहेर मांडून ‘यातलं परत काय ठेवू?’ असं विचारलं की निम्मं सामान खालीच राहतं. ढीग चार करा : न्यायचं, द्यायचं, टाकायचं आणि ठरत नाही. चौथ्या ढिगासाठी घरभरात मिळून एकच खोकं ठेवा. ते भरलं की नवी वस्तू टाकताना आतली एक काढायची. द्यायचं सामान त्याच आठवड्यात घराबाहेर गेलं पाहिजे, नाहीतर दारामागच्या पिशवीतून एकेक वस्तू परत कपाटात जाते.

दोन ठिकाणी हमखास अडगळ साठलेली असते. एक म्हणजे प्लास्टिकचे डबे. सगळे डबे आणि सगळी झाकणं ओट्यावर काढून जोड्या लावा आणि जोडी न लागलेलं त्याच दिवशी काढा. दुसरं म्हणजे वायरी आणि चार्जर. ज्या यंत्राचा चार्जर आहे ते यंत्र घरात आहे का, एवढंच बघा. नुसती पिन बसते म्हणून एकाचा चार्जर दुसऱ्याला लावू नका. व्होल्टेज आणि अधिक-उणे टोकं जुळली पाहिजेत आणि चार्जरवरचा अँपियरचा आकडा यंत्राच्या गरजेइतका किंवा जास्त हवा. हे सगळं चार्जरवर आणि यंत्रावर बारीक अक्षरात छापलेलं असतं.

प्रश्न : पुस्तकांची खोकी उचलताना तळातून फाटतात. जाड खोकी घ्यावीत का?

जाड नकोत, लहान घ्या. ४५ × ३० × ३० सेंटिमीटरचं खोकं म्हणजे ४० लीटर जागा. ते पुस्तकांनी ठासलं की वजन २५ किलोच्या पुढे जातं. ते तळाला पेलत नाही आणि पाठीलाही. ३० × २५ × २५ चं खोकं भरून १३-१४ किलोचं होतं, तेच बरोबर. मोठंच खोकं असेल तर खाली एक थर पुस्तकं आणि वर उशा, चादरी, लोकरीचे कपडे.

तळाला फक्त मधल्या फटीवर टेप लावून भागत नाही. फटीवर दोन पट्ट्या लावा, मग दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक आडवी पट्टी. खालून इंग्रजी ‘एच’ दिसला पाहिजे. पुस्तकं फडताळात असतात तशी उभी किंवा आडवी ठेवा. कणा वर आणि पानांची मोकळी कड खाली असं कधीच ठेवू नका. पानांचं वजन कण्यातून लोंबकळतं आणि बांधणी सुटते. उरलेल्या जागेत कागदाचे बोळे भरा. अर्धवट भरलेलं खोकं वरच्या वजनाने चेपतं आणि फुगवून भरलेल्यावर दुसरं नीट बसत नाही.

ज्यांना कसर लागली आहे ती पुस्तकं वेगळी काढा, नाहीतर एका खोक्यातली कसर नव्या घरातल्या सगळ्या कपाटात जाईल. फ्रीजरमध्ये जागा असेल तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका. लगेच उघडलीत तर हवेतली वाफ थंड पानांवर धरते आणि कीड मेली तरी पुस्तक ओलं होतं. बुरशी मात्र थंडीने मरत नाही, नुसती झोपते. तसलं पुस्तक आधी पूर्ण वाळवायचं आणि घराबाहेर मऊ ब्रशने झाडायचं.

प्रश्न : फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी हलवताना काय बिघडतं?

फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद ठेवा आणि बर्फ पूर्ण वितळू द्या. मागे कंप्रेसरजवळ एक उथळ तबक असतं, त्यातलं पाणी सगळे विसरतात आणि ते वाटेत सांडतं. काचेचे कप्पे काढून वेगळे बांधा. फ्रिज उभाच न्या. आडवा केला तर कंप्रेसरमधलं तेल बारीक नळ्यांत शिरतं. तसा न्यावाच लागला तर जितके तास आडवा होता निदान तितके तास उभा ठेवून मगच सुरू करा. प्रवास लांबचा असेल तर पूर्ण एक दिवस.

समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचं दुखणं वेगळं. आतला टब स्प्रिंगांवर लोंबकळत असतो आणि त्याला जड काँक्रीटचं वजन बांधलेलं असतं. मशीन नवं आलं तेव्हा मागून तीन-चार लांब बोल्ट काढले होते, ते टबला जखडून ठेवणारे प्रवासाचे बोल्ट. हलवताना ते परत लावायचे असतात. ड्रममध्ये कपडे कोंबून हे काम होत नाही, कारण हलतो तो बाहेरचा टब. बोल्ट हरवले असतील तर मॉडेल नंबर सांगून कंपनीकडून मागवा. नळाचे पाइप काढा आणि खालच्या फिल्टरचं झाकण हळूहळू फिरवून उरलेलं पाणी ताटात घ्या. नव्या घरी मशीन सुरू करण्याआधी बोल्ट काढायला विसरू नका. ते तसेच राहिले तर कपडे पिळताना मशीन जागेवरून चालत सुटतं.

एसी काढण्याआधी त्यातला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायचा असतो. आधी बारीक पाइपची झडप बंद करायची, थंड हवेवर कंप्रेसर चालवायचा, गॅस बाहेर गोळा झाला की जाड पाइपची झडप बंद करायची आणि लगेच वीज तोडायची. काम तंत्रज्ञाचंच आहे, पण तो ते करतो आहे का हे उभं राहून पाहा. थेट पाइप खोलला की सगळा गॅस हवेत. नवीन जागी झडपा उघडण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा आणि ओल काढलीच पाहिजे.

टीव्ही उभा न्यायचा. आडव्या पडद्यावर कोणीतरी ‘हलकंच तर आहे’ म्हणून उशी ठेवतो, एवढ्यावर पॅनेल जातं.

प्रश्न : कपबश्या, ताटल्या कशा बांधायच्या?

ताटल्या एकावर एक आडव्या नकोत, कडेवर उभ्या. उभी ताटली हादरा सहन करते, आडव्या चळतीचा भार सर्वांत खालच्या ताटलीवर येतो. प्रत्येकीला वेगळा कागद हवा, आणि तो कोरा. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या भांड्यांना लागते. खोकं हलवून पाहा. आतून आवाज आला तर कागद कमी पडलाय.

प्रश्न : वॉर्डरोब सुटा करून नेला तर पुन्हा तसाच उभा राहील का? आणि सोफा आत जाईल हे आधी कसं कळेल?

तो कशाचा आहे त्यावर आहे. लाकूड किंवा चांगलं प्लायवुड असेल तर राहील. भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डचा असेल तर एकदा सुटतो, दुसऱ्यांदा कुरकुरतो, तिसऱ्यांदा बिजागरीचे स्क्रू नुसते फिरत राहतात. त्या बोर्डात स्क्रूला धरायला रेषा नसते, भोकातला भुसा सुटा होतो. भोकात लाकडाचा गोंद घालून काड्यापेटीच्या दोन-तीन काड्या ठोका, एक दिवस वाळू द्या, वरचं कापून नवा स्क्रू पिळा. काही वर्षं निघतात. पाण्याने कडा फुगलेला बोर्ड मात्र नेऊ नका. तो परत बसत नाही.

सुटा करण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्या, मागची फळी कशी अडकवली आहे तोही. फळ्यांच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ‘डावी वर’, ‘मधली’ असं लिहा.

सोफ्यासाठी नुसती लांबी मोजून उपयोग नाही. बाजूने पाहिलं तर पाठीचा वरचा कोपरा आणि बैठकीचा पुढचा कोपरा यांना जोडणाऱ्या तिरप्या रेषेवर पट्टी टेकवा. त्या रेषेपासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर दाराच्या मोकळ्या रुंदीपेक्षा कमी असेल तर सोफा वळवून आत जातो. दाराची रुंदी चौकटीची नाही, दार उघडलेलं असतानाची मोजायची. दार बिजागरीवरून उतरवलं की तीन-चार सेंटिमीटर जास्त मिळतात. जिन्याचा वळणाचा चौक आणि लिफ्टची खोलीही मोजा. बहुतेक सोफे दारात अडकत नाहीत, जिन्याच्या वळणावर अडकतात.

प्रश्न : जुने फोन आणि लॅपटॉप देऊन टाकायचे आहेत. ‘डिलीट’ केलं की झालं ना?

नाही. फोनचा क्रम असा : फोटो दुसरीकडे उतरवा आणि तिथे ते उघडून पाहा. बँकेची आणि सुरक्षा-कोड देणारी अ‍ॅप नव्या फोनवर सुरू करा. मग खात्यातून बाहेर पडा आणि त्यानंतर फॅक्टरी रीसेट. खातं न काढता रीसेट केलात तर पुढचा माणूस तुमच्या जुन्या पासवर्डपाशी अडकतो आणि फोन त्याच्या कामाचा राहत नाही. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. कार्ड नेहमी आतच राहतं.

फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर डिलीट केलं म्हणजे फक्त अनुक्रमणिकेतलं नाव गेलं, मजकूर तसाच असतो. पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहिणारा प्रोग्रॅम चालवला की पुरे. एसएसडीवर, म्हणजे फिरती चकती नसलेल्या चिपच्या डिस्कवर, हा उपाय अपुरा, कारण तिच्या राखीव भागात जुना मजकूर उरू शकतो. तिच्यासाठी डिस्क बनवणाऱ्या कंपनीचीच पुसण्याची आज्ञा वापरा. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांना ती फुगलेली आहे हे आधी सांगा.

प्रश्न : अर्ध्या बाटल्या, जुनी औषधं, बल्ब यांचं काय?

खोकी वाचवायला अर्ध्या बाटल्या एकत्र ओतण्याची घाई अंगाशी येते. ब्लीच आणि शौचालय धुण्याचं आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काच पुसण्याचं द्रव यांच्यातून क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसं जाळतात. शेवटचे दोन महिने नवीन बाटली आणू नका आणि आहे ती वापरून संपवा. थिनर, रॉकेल, स्प्रेचे डबे, गॅस सिलिंडर बंद गाडीत सामानाबरोबर नेऊ नयेत.

मुदत संपलेली औषधं परत घेण्याची सोय असेल तर तिथे द्या. नसेल तर गोळ्या वेष्टणातून काढून ओल्या मातीत कालवा आणि बंद पिशवीत टाका. मोरीत नकोत. चिठ्ठीवरचं नाव फाडा.

सीएफएल दिव्यात साधारणपणे ५ मिलिग्रॅमच्या आत पारा असतो. काचेच्या जुन्या तापमापीत अर्धा ग्रॅम किंवा जास्त, म्हणजे शंभरपटीच्या घरात. फुटली तर खिडक्या उघडा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याने पारा पसरतो. पुठ्ठ्याने थेंब गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

प्रश्न : आई गेली. तिचं घर महिन्याभरात रिकामं करायचं आहे. आम्ही तिघं भावंडं आहोत. काहीच टाकवत नाही.

आधी काहीही न हलवता प्रत्येक खोलीचे फोटो काढा, उघड्या कपाटांचेही. पुष्कळ वस्तू आपल्याला त्यांच्या जागेसकट हव्या असतात आणि ती जागा फोटोतच राहते. मग शोध : खिसे, पर्सची अस्तरं, उशांच्या खोळी, डब्यांचे तळ, पुस्तकांची पानं. कागद, किल्ल्या, पैसे, दागिने अशा ठिकाणी असतात. हे झाल्याशिवाय एकही पिशवी घराबाहेर देऊ नका.

वाटणीसाठी पाळी लावा : पहिला, दुसरा, तिसरा आणि पुढच्या फेरीत उलटं, तिसरा, दुसरा, पहिला. चिठ्ठ्या टाकून पहिला कोण ते ठरवा. ‘तुला काय हवं ते घे’ म्हटलं की जो संकोची असतो तो रिकाम्या हाताने जातो. एकाच प्रकारच्या बारा वस्तू असतील तर बाराही ठेवू नका. वापरून झिजलेली एक ठेवा. कपाटात कोरी राहिलेली तिची कमी असते.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढू नका. दात साफ करायचा धागा फोटोखालून करवतीसारखा हळू सरकवा. ४ × ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० बिंदू) स्कॅन केला की २४०० × ३६०० बिंदूंचा होतो, मोठा छापायलाही पुरतो. फोटोतली माणसं ओळखणारं कोणी वडीलधारं असेल तर आधी त्यांच्यापाशी बसा आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नावं लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. व्हिडिओ कॅसेट असतील तर त्यांना पुढे ढकलू नका. नवे व्हीसीआर बनणं २०१६ मध्येच थांबलं आहे आणि चालू यंत्रं कमी होत चालली आहेत. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर कॅसेट लावू नका. ती बुरशी असते आणि यंत्रातून पुढच्या कॅसेटला लागते. पत्रांचा निर्णय आत्ता करू नका. तिघांपैकी ज्याच्या घरी कोरडी जागा असेल त्याच्याकडे ती ठेवा.

प्रश्न : खोक्यांवर नेमकं काय लिहावं?

वर लिहू नका, खोकी रचली की ते झाकतं. दोन लगतच्या बाजूंवर लिहा : क्रमांक आणि नव्या घरातली खोली. जुन्या घरातली नव्हे. आतलं सामान वहीत क्रमांकापुढे लिहा. बाहेर ‘दागिने’, ‘कॅमेरा’ असं लिहून कोणाला आमंत्रण देऊ नका. एक खोकं बिननंबरी आणि वेगळ्या रंगाच्या टेपचं करा. ते सगळ्यात शेवटी गाडीत जातं आणि सगळ्यात आधी उतरतं. त्यात रोजची औषधं, चार्जर, एकेक चादर, टॉवेल, साबण, विजेरी, कात्री, पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि पलंगाचे नट-बोल्ट. बाकी फर्निचरचे बोल्ट पिशवीत घालून त्या-त्या फळीलाच टेपने चिकटवलेत तरी चालेल, पलंगाचे मात्र याच खोक्यात. त्या रात्री झोपायचं असतं.