हरकत लिहिताना

मोर्च्याचे फलक नंतर रंगव. आधी झाडावर डकवलेली तोडणीची नोटीस वाचायला शीक. महाराष्ट्रातल्या शहरांसाठीच्या 1975 च्या झाडांच्या कायद्यात हरकतीला सातच दिवस मिळतात, आणि नोटीस बरेचदा सुट्ट्यांच्या तोंडावरच लागते. (योगायोग म्हणायचा!) अर्जात ‘निसर्गाचा ऱ्हास’ वगैरे नको. झाडाचा क्रमांक, जात, बुंध्याचा घेर, अंदाजे वय लिही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’, म्हणजे वारसा वृक्ष, ठरतं. वयाचा मुद्दा तिथे कामाला येतो. अर्ज आवक-जावकला दे, आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नकोस. साहेब नुसतं ‘बघतो’ म्हणाले, तर काहीच झालेलं नाही असं समज. धोरणच बदलायचं असेल तर मसुद्यावर सूचना मागवतात तेव्हा कलमाचा क्रमांक टाकून पर्यायी मजकूरच लिहून दे.