मेलेला जिवाणू धातू कसा पकडतो?

प्रश्न : पाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू काढण्यासाठी मृत जिवाणूंचा वापर करतात, असे वाचनात आले. जीवच नसलेली पेशी हे काम कसे करते, आणि पकडलेला धातू पुढे जातो कुठे?

उत्तर : हे काम पेशीच्या चयापचयाचे नसून तिच्या भित्तिकेचे आहे, आणि भित्तिका पेशी मेल्यावरही टिकून राहते. बॅसिलस सबटिलिससारख्या ग्रॅम-धन (ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळ्या दिसणाऱ्या) जिवाणूंच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकनचा, म्हणजे शर्करा आणि अमिनो आम्लांच्या जाळीचा, जाड थर असतो. त्यातील कार्बोक्सिल गट आणि टायकोइक आम्लांमधील (त्याच भित्तिकेतील लांब साखळ्यांमधील) फॉस्फेट गट यांच्यावर ऋणभार असल्याने शिसे, कॅडमियम, तांबे यांचे धनभारित आयन तेथे बांधले जातात. यालाच जैवअधिशोषण म्हणतात. मृत पेशींना अन्न पुरवावे लागत नाही आणि विषारी पाण्याने त्यांचे आणखी काही बिघडतही नाही, ही त्यांची मोठी सोय.

सगळी मदार मात्र पाण्याच्या सामूवर (pH; तो जितका कमी, तितके पाणी अधिक आम्लधर्मी) असते. सामू 2 च्या आसपास असेल, तर हायड्रोजन आयनच त्या जागा अडवून बसतात. 4 ते 6 च्या दरम्यान यांपैकी बहुतेक धातू चांगले बांधले जातात. तो आणखी वाढवत नेला, तर धातू हायड्रॉक्साइडच्या रूपात साका होऊन खाली बसू लागतो, आणि मग पाणी स्वच्छ झाल्याचे श्रेय जिवाणूंना द्यावे की नुसत्या रसायनशास्त्राला, हे ठरवणे कठीण जाते. अशा प्रयोगांचे निष्कर्ष वाचताना सामू आधी पाहावा, तो याचसाठी. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात ऋणभारित क्रोमेटच्या रूपात असते, त्यामुळे त्याचे गणित उलटे असून ते आम्लधर्मी पाण्यातच अधिक बांधले जाते.

आता दुसरा प्रश्न. धातू नष्ट होत नाही, तो फक्त जागा बदलतो. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतल्यास तो जैवभारापासून, म्हणजे या मृत पेशींच्या साठ्यापासून, सुटून थोड्याशा द्रावणात एकवटतो. तेथून तो परत मिळवता येतो आणि जैवभारही पुन्हा वापरता येतो, जरी दर खेपेला त्याची क्षमता थोडी घटत असली तरी. पाणी ज्यातून सोडतात त्या नळकांड्यात पेशींची भुकटी तुंबते, म्हणून ती अल्जिनेटच्या (समुद्री शैवालापासून मिळणाऱ्या जेलच्या) मण्यांत बसवतात; पण मण्यांच्या आत आयन शिरायला वेळ लागतो. शिवाय सांडपाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच जागांसाठी स्पर्धा करतात, त्यामुळे शुद्ध पाण्यात एकच धातू विरघळवून मोजलेली क्षमता प्रत्यक्ष सांडपाण्यात मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.