वाचकांचा सवाल : येळ्ळूरचा गड सासूबाईंना झेपंल काय?

प्रश्न : दिवाळीला चार दिवस पुण्याहनं टिळकवाडीला माहेरी येतोय. सोबत सासूबाई आहेत, वय 67, गुडघे कुरकुरतात. आणि दोन पोरं, त्यांना डोंगर चढायचाच आहे. मिस्टर म्हणतात बेळगावात कसले डोंगर, सगळं सपाट. फार दमवणार नाही आणि वरनं लांबपर्यंत दिसंल अशी एखादी टेकडी सांगा ना.
– एक माहेरवाशीण

उत्तर : मिस्टरांना शहराबाहेर कुणी काढलंच नाही वाटतं! अहो बेळगावच मुळात समुद्रसपाटीपासनं अडीच हजार फुटांच्या आसपास, म्हणून भोवतीचे डोंगर बुटके वाटतात एवढंच. तुम्ही सरळ येळ्ळूरचा राजहंसगड धरा. शहरापासनं साधारण 15 किलोमीटर, आणि डांबरी रस्ता पार गडाजवळ जातोय, म्हणजे सासूबाईंना गाडीतनं वर सोडायचं आणि तुम्ही पोरांना घेऊन पायथ्यापासनं चालत यायचं, दोघांचंही समाधान. त्यांना उतरतानाही गाडीच द्या हं, गुडघ्याला चढापेक्षा उतारच जास्त खातोय.

रविवार टाळा. 2023 च्या मार्चमध्ये वर शिवाजी महाराजांचा पुतळा झाला (उद्घाटन दोनदा झालं, ते सगळ्यांना ठाऊकच आहे) तेव्हापासनं सुट्टीला गाड्या लावायला जागा नसते.

जायचं ते सकाळीच, उजाडता उजाडता. दिवाळीच्या थंडीत धुकं खाली भाताच्या शेतात साचून बसतंय आणि तुम्ही त्याच्या वर, मग ऊन चढलं की हळूहळू एकेक बांध उघडा पडत जातोय, हे बघण्यातच तासभर कसा जातो कळत नाही. उत्तरेला बेळगाव, पश्चिमेला सह्याद्रीची रांग. दुपारी जाऊ नका, सगळं धुरकट दिसतंय. मी एकदा हौसेनं जुलैत गेले होते, ढगात उभी राहून स्वतःची छत्री तेवढी बघितली, तीपण उलटी झालेली. मे महिन्यात मात्र वळीव पडून गेला की धूळ बसते आणि लई लांबचं स्वच्छ दिसतं, पण ढग भरून यायला लागले तर वर थांबायचं नाही, उघड्या माथ्यावर विजेचा भरवसा नाही.

पोरांना बूट घाला. दिवाळीच्या दिवसांत गवत वाळायला लागलेलं असतंय आणि कुसळं मोज्यात अशी घुसतात की घरी येऊन अर्धा तास एकेक उपसत बसावं लागतं, आणि एक तरी राहतंच, ते नेमकं रात्री टोचतंय. पाणी घरनंच न्या. आत सिद्धेश्वराचं देऊळ आहे, सासूबाई तिथं निवांत बसतील.

एवढ्यानं पोरांचं पोट नाही भरलं तर दुसऱ्या दिवशी वैजनाथ आणि महिपाळगड करा. हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात आहेत, म्हणजे महाराष्ट्रात, पण आपल्याला काय, डोंगर तोच. महिपाळगडावर किल्ल्यातच अख्खं गाव नांदतंय, पोरांना गंमत वाटंल.

येताना येळ्ळुरात कुणाच्या घरी बासमती मिळतो काय विचारा. नवा देत असले तर घेऊ नका, भात चिकट होतोय, मागच्या सालचा मागा.